दात खाण्याविषयी थोडे सविस्तर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी आईने फोनवर विचारले, की दाताच्या डॉक्टरांकडे गेलेली मुलगी मानसोपचारापर्यंत कशी पोहोचली. मी ते हसण्यावारी नेले. परंतु प्रश्न रास्त होता, म्हणून हे पत्र.

मी झोपेत दात खाते, हे तुम्हाला माझ्या लहानपणापासून ठाऊक आहे. आई, तू त्यावर जंतांचे औषधही दिले होतेस. आता दाढा झिजल्यामुळे डॉक्टरांनी रात्री घालायला नाइट गार्ड करून दिले आहे आणि ते मी नेमाने घालते. मात्र दिवसाही माझा जबडा आवळलेलाच असतो, हे ध्यानात आल्यावर मी समुपदेशक बाईंकडे जाऊ लागले.

त्या ज्या पद्धतीने काम करतात तिला ‘इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स’ म्हणतात. रिचर्ड श्वार्ट्झ या अमेरिकन कुटुंबोपचारतज्ज्ञांनी ती १९८० च्या दशकात मांडली. खाण्याच्या विकारांनी ग्रासलेले रुग्ण आपल्यातल्या निरनिराळ्या ‘भागां’विषयी बोलत, तेव्हा घरातल्या माणसांचे ऐकावे तसे या भागांचे ऐकून घ्यायला त्यांनी सुरुवात केली. एक मन जा म्हणते, दुसरे नको म्हणते, असे आपणही म्हणतोच. काही भाग कारभारी असतात, सगळे आधीच आवरून ठेवणारे. काही बंबवाले, घर भिजले तरी चालेल पण आग विझवणारे. आणि ज्यांना हे दोघे सांभाळतात ते जुने दुःख घेऊन बसलेले, मनाने हद्दपार केलेले भाग. (ही मराठी नावे माझी, बाई इंग्रजीच वापरतात.)

एखादा भाग सापडला, की तो शरीरात कुठे जाणवतो, हे सुरुवातीलाच विचारले जाते. शब्दांनी मी कोणालाही गुंडाळू शकते, बाबांना याचा पुरेसा अनुभव आहे. जबड्याला ते जमत नाही. सुसान मॅक्कॉनेल यांनी तर देहभान, श्वास, हालचाल आणि स्पर्श यांच्या आधारे या पद्धतीची शरीरकेंद्री शाखाच विकसित केली.

आजी गेली त्या दिवसाविषयी मी एकदा अगदी कोरडेपणाने सांगत होते. बाईंनी मला थांबवले आणि म्हणाल्या, “दात सोडवू नका, उलट किंचित आणखी आवळा, आणि ते कशासाठी आवळले आहेत हे त्यांनाच विचारा.” मला हे थोडे हास्यास्पद वाटले, तरी केले. कानशिलांपर्यंत कळ गेली, घशाशी आवंढा आला आणि डोळ्यांपुढे चहाचा ट्रे उभा राहिला: पाहुण्यांनी भरलेली खोली, कपांचा किणकिणाट, आणि आपण रडलो तर आईला आवरणार नाही म्हणून दातांवर दात दाबून धरलेली नऊ वर्षांची मी. तो कारभारी आजही तेच काम इमानाने करतो आहे. त्याला हाकलायचे नाही, असे बाई सांगतात. तू दमला असशील, एवढे म्हणायचे. मी म्हटले, आणि जबडा आपसूक सैल झाला. तासाभरात पुन्हा आवळला, हेही खरे.

बाबा, तुम्ही म्हणाल की हे इगतपुरीच्या विपश्यना शिबिराच्या दहा दिवसांत शिकवतातच. साम्य आहे, पण तिथे संवेदना तटस्थपणे पाहून पुढे जायचे असते; इथे तिच्यापाशी थांबून तिची कैफियत ऐकायची असते.

याने सारे बरे होते, असा माझा दावा नाही. बोस्टनमध्ये ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या ७९ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या पद्धतीने वेदना व उदासी कमी झाल्याचे दिसले, परंतु अभ्यास लहान होता. म्हणून आई, तुझ्या गुडघ्यांच्या गोळ्या चालूच राहू देत.

फोनवर मी मध्येच गप्प झाले तर राग आला असे समजू नका. जबडा तपासत असते. दिवाळीला येईन तेव्हा मात्र मला एक सांग आई, त्या दिवशी चहा खरोखर मीच फिरवला होता, की मावशीने? मला ट्रे स्पष्ट दिसतो, पण तो माझ्याच हातात होता की नाही, हे आता खात्रीने सांगता येत नाही.

तुमची,
धाकटी