हॉस्पिटलच्या चॅप्लेनना, मराठी घरांकडून

आदरणीय चॅप्लेन,

तुमच्या इंग्लंडमधल्या हॉस्पिटलात मराठी पेशंटना भेटायला येणारे आम्ही स्वयंसेवक हे पत्र मुद्दाम मराठीत आणि सर्वांसमोर लिहीत आहोत. तुम्हाला ते वाचून समजावून सांगूच, पण आभार कशाबद्दल आहेत हे आपल्या माणसांनाही कळायला हवं. चॅप्लेन म्हणजे पेशंटला आणि घरच्यांना हॉस्पिटलतर्फे मानसिक आणि आध्यात्मिक आधार देणारी व्यक्ती. पण ‘चॅप्लेन भेटायला येतील’ असं नर्सने सांगितलं की घरात दोनच अर्थ निघतात. एक तर पाद्री धर्म बदलायला येतोय, नाहीतर डॉक्टरांनी हात टेकलेत. दोन्ही चूक. धर्मप्रसार करणं तुमच्या आचारसंहितेतच बसत नाही, आणि देव न मानणाऱ्या पेशंटजवळही तुम्ही तितकाच वेळ बसता.

अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवर ‘हिंदू’ अशी खूण असते. त्यावरून वॉर्डला काय करायचं ते कळत नाही. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या वारकरी आजींना ती उतरवायची नसते. लिंगायत घरात दहन नाही, दफन असतं. आणि बौद्ध आजोबांनाही कुणीतरी घाईत हिंदू लिहून टाकलेलं असतं. त्यांना गंगाजल नको, त्रिशरण-पंचशील म्हणणारं कुणी हवं असतं. म्हणून तुम्ही फॉर्म बाजूला ठेवून विचारता. अमेरिकेतल्या डॉ. क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी 1996 साली मांडलेली चौकट साधी आहे: तुमची श्रद्धा कशावर, आजारपणात तिचं महत्त्व किती, तुमच्या मागे माणसं कोण, आणि आम्ही यात काय करावं? चौथा प्रश्न सर्वात कामाचा, कारण त्याच्या उत्तरातून वॉर्डला पाळता येईल अशी सूचना निघते. ती तुम्ही केसपेपरवर लिहिता, म्हणून रात्रपाळीच्या नर्सलाही ती कळते.

मॉर्फिनचा, म्हणजे तीव्र वेदना शमवणाऱ्या औषधाचा, प्रश्न आम्ही तुमच्याकडूनच नीट शिकलो. कळा असह्य असूनही पेशंट औषध नाकारतो. नर्सला वाटतं, व्यसनाची भीती असेल. तुम्ही खुर्ची ओढून पेशंटच्या नजरेच्या पातळीवर बसता, मुलीला थोडा वेळ बाहेर थांबायला सांगता आणि फोनवर दुभाषी घेता. आई-वडील मुलांसमोर काही गोष्टी बोलत नाहीत आणि मुलं त्या जशाच्या तशा सांगत नाहीत, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. मग खरं कारण बाहेर येतं. कुणी म्हणतं, प्रारब्ध आहे, ते इथेच भोगून संपवायचं. कुणाला शेवटपर्यंत शुद्धीवर राहून नामस्मरण करायचं असतं. तुम्ही कर्माच्या सिद्धांतावर वाद घालत नाही. पेशंटच्या परवानगीने वेदनाशामक टीमला एवढंच कळवता: याला झोप नको, नाम घेता यायला हवं. मग डोस कमीपासून सुरू होतो, हळूहळू वाढवला जातो. सुरुवातीची गुंगी बहुधा काही दिवसांत उतरते, हेही पेशंटला आधी सांगितलं जातं. सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या पेशंटची काळजी घेणारं केंद्र, सुरू केलं. शरीर, मन, नाती आणि श्रद्धा या चारही बाजू मिळून वेदना एकच असते, अशी त्यांची मांडणी होती. ती अशा वेळी डोळ्यांसमोर दिसते.

गंगाजलाचंही तसंच. गिळता न येणाऱ्या माणसाच्या तोंडात प्रेमाने चमचाभर पाणी घातलं की ते श्वासनलिकेत जाऊन ठसका लागतो, न्यूमोनियाही होऊ शकतो. घाबरून नर्स सरसकट मनाई करते आणि ती खंत घरच्यांना वर्षानुवर्षं पुरते. तुम्ही मधला मार्ग काढता. तोंड पुसायच्या स्पंजवर थेंबभर घेऊन, तो दाबून, ओठांना लावायचा. तुळशीचं पान जिभेवर न ठेवता उशाशी. ऑक्सिजन चालू असताना निरांजन आणि उदबत्ती नाहीच, बॅटरीचा दिवा चालतो. ऑपरेशनआधी जानवं कापायचं नाही, चिकटपट्टीने अंगाला बसवायचं.

मृत्यूनंतरची तुमची मदत लोकांना फारशी दिसत नाही. 9 सप्टेंबर 2024 पासून इंग्लंडमध्ये कोरोनरकडे (अनैसर्गिक किंवा कारण न कळलेल्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) न जाणारा प्रत्येक मृत्यू मेडिकल एक्झामिनर, म्हणजे त्या पेशंटवर उपचार न केलेला स्वतंत्र डॉक्टर, तपासतो. त्यानंतरच दाखला आणि नोंदणी. इकडे नातेवाईक मात्र त्याच रात्री अंत्यविधीचा दिवस ठरवून पुण्या-नाशिकहून विमानाची तिकिटं काढतात, आणि मग सगळंच विस्कटतं. ‘तारीख अजून धरू नका’ हे तुम्ही वेळेवर सांगता. पेसमेकर असेल तर दहनाआधी काढावा लागतो, कारण भट्टीत तो फुटू शकतो; हेही तुम्ही आधीच बोलता, म्हणून भटजी आल्यावर गोंधळ होत नाही.

एकच खंत आहे. तुम्हाला फार उशिरा बोलावलं जातं, पेशंट बोलेनासा झाल्यावर. तेव्हा चार प्रश्नांची उत्तरं द्यायला कोणी उरलेलं नसतं.

म्हणून वाचणाऱ्यांना विनंती: आजार गंभीर असल्याचं कळलं त्याच आठवड्यात वॉर्डच्या नर्सला ‘चॅप्लेनना बोलवा’ म्हणा. पैसे पडत नाहीत. नको वाटलं तर नाही म्हणता येतं, आणि नंतर मन बदललं तरी पुन्हा बोलावता येतं.

आपले कृतज्ञ,
मराठी स्वयंसेवक