प्रोजेक्टरवाल्या दादास, मंगळागौरीच्या रात्रीबद्दल

दादा,

तुझं नाव विचारायचं राहूनच गेलं. मंडपवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, “पोरं बदलत असतात हो ताई, बघून सांगतो.” अजून बघतोच आहे. म्हणून हे असं जाहीर लिहितेय. वयानं माझ्या लेकाएवढा आहेस, तेव्हा अरे-तुरे चालवून घे.

खूण सांगते. श्रावणातला मंगळवार, बोरिवलीत आमच्या सोसायटीचा तळमजल्यावरचा हॉल, बाहेर धो-धो पाऊस, आणि तुझ्या अंगावर धावून आलेली पोपटी नऊवारीतली बाई. ती मी.

लेकीची मंगळागौर होती आणि तिला माझी दाखवायची होती, १९९४ ची, गिरगावातल्या चाळीत सासूबाईंनी केलेली. दहा बाय बाराची खोली, वीस-बावीस बायका आणि कोपऱ्यात हॅलोजन धरून घामाघूम झालेला शूटिंगवाला. त्या व्हीएचएस कॅसेटची पुढे डीव्हीडी केली आणि डीव्हीडीवरून भाच्यानं लॅपटॉपवर उतरवून घेतली. एवढ्या हातांतून गेलेली वस्तू धड राहील कशी!

पहिलं चित्र पडद्यावर आलं आणि हॉलभर हशा पिकला. वहिनींचा चेहरा पोळपाटाएवढा. “अगं, मी एवढी कधी होते?” म्हणून त्या खरंच रुसल्या. मला वाटलं तुझा प्रोजेक्टरच बिघडलाय. तू आधी रिमोट घेऊन त्याचा मेनू पाहिलास, मग लॅपटॉपकडे वळून म्हणालास, “काकू, इथे कुणीतरी १६:९ करून ठेवलंय.” भाच्यानं मान खाली घातली. पडदा भरावा म्हणून त्यानंच व्हीएलसीत, म्हणजे लॅपटॉपवर व्हिडिओ लावायच्या प्रोग्रॅममध्ये, चित्र आडवं ताणलं होतं. जुन्या टीव्हीची चौकट ४:३, म्हणजे चार भाग रुंद नि तीन भाग उंच, ती १६:९ मध्ये ताणली की माणूस तिसऱ्या हिश्शानं रुंद होतो. वहिनींचा राग अगदी हिशोबी होता.

चौकटीचं माप बदलणारं ‘ए’चं बटण तू दाबत गेलास. मूळ मापावर आणलंस तर आता सगळ्या जणी किंचित चिपाड दिसायला लागल्या! मी तेवढ्यावर खूश झाले असते, तू नाही झालास. ७२० बाय ५७६ ची फाईल, भागाकार १.२५ येतो, आणि ४:३ म्हणजे १.३३, जुन्या व्हिडिओचे ठिपके चौकोनी नसतात, ही खूण फाईल बनवताना पुसली गेलीय, असं तू वहिनींना समजावत होतास. वहिनी ऐकत होत्या, कारण विषय त्यांच्या बांध्याचा होता.

मग तू जे केलंस ते मला आयुष्यभर आठवेल. चित्र थांबवलंस, पडद्यापाशी गेलास आणि चित्रातल्या मागच्या भिंतीवरच्या घड्याळाला वीत लावलीस. आडवी, मग उभी. उभी जराशी जास्त भरली. परत येऊन ४:३ केलंस, पुन्हा जाऊन वीत लावलीस. दोन्हीकडे सारखी. घड्याळ गोल झालं आणि त्यात वाजले होते एक वीस. रात्रीचे. तोवर आमच्या बसफुगड्या चालूच होत्या.

इथे मी धावून आले. पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकेक फूट नुसता मोकळा! आठ फुटी पडद्याचं भाडं भरलंय आणि चित्र सहा फुटांचं? “भरवतो काकू,” तू म्हणालास, “पण मग पाय जातील.” आणि खरंच करून दाखवलंस. पडद्याची उंची साडेचार फूट; आठ फूट रुंदीला चित्र सहा फूट उंच हवं. दीड फूट जाणार, नऊ इंच वरून, नऊ इंच खालून. वरून अंबाडे आणि गजरे गेले, खालून पाय. पायांशिवाय फुगडी म्हणजे दोन बायका उगाच एकमेकींचे हात ओढतायत! मी मुकाट्यानं खुर्चीत बसले.

त्यात आमचे आप्पा, मूळचे गिरगावकर, कुणी विचारलं नसताना म्हणाले, “१९१३ साली आमच्या कोरोनेशन थेटरात फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तोही असाच चौकोनी होता. तेव्हा नाही कुणी पैसे परत मागितले.” आप्पांचा जन्म १९४१ चा. असो.

फुगडी वेगात आली की हातांना फणीसारखे दाते फुटत होते. तेही तू ‘डीइंटरलेस’ करून घालवलंस. जुन्या व्हिडिओत प्रत्येक चित्र दोन पाळ्यांत टिपलेलं असतं, एक आड एक रेषा. दोन्ही पाळ्या एकदम दाखवल्या की हलणारी वस्तू अशी विस्कटते, म्हणालास. त्यानंतर फुगडी अशी लोण्यासारखी फिरली की मागून कुणीतरी “जपून गं!” म्हणालं. पडद्याकडे बघून.

शेवटी राहिल्या त्या दोन मोकळ्या पट्ट्या. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही, तो फक्त उजेड कमी करतो, म्हणून त्या करड्या दिसत होत्या. तू काळं कापड मागितलंस, मंगळागौरीच्या दिवशी! शोधून सापडणार काय? अखेर जाऊबाई चौथ्या मजल्यावर जाऊन संक्रांतीच्या दोन चंद्रकळा घेऊन आल्या. त्यांच्या फूटभर रुंद घड्या करून वाळत घालायच्या चिमट्यांनी तू त्या दोन बाजूंना टांगल्यास. गौरीसमोर काळं, म्हणून एक आजी कुरकुरल्या. गौर मागच्या भिंतीला आहे, तिची पाठ नाही का, असं तू इतक्या गंभीरपणे विचारलंस की त्यांनाही हसू आलं.

त्या दोन चंद्रकळांच्या मधे सासूबाई आल्या. पंचावन्नच्या असतील तेव्हा. पदर खोचून बसफुगडी घालत होत्या, जोडव्यांसकट पाय चौकटीच्या अगदी खालच्या काठाशी. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. माझ्या लेकीनं आज्जीला कायम गुडघ्याला पट्टा बांधलेलीच पाहिलेलं. “आज्जी एवढं खाली बसायची?” एवढंच ती बोलली आणि तो तुकडा तुला तीन वेळा मागे न्यायला लावला. तिन्ही वेळा तू नेलास, न विचारता.

तुझी लांब एचडीएमआय केबल इथेच राहिलीय, दाराच्या खुंटीला अडकवून ठेवलीय. ये घेऊन जा. तू जेवला नव्हतास त्या रात्री, शेवटच्या लोकलसाठी पळालास. भाजणी शिल्लक आहे, वडे गरम तळून देते. आणि जाऊबाईंना एकदा सांग की चिमट्यांचे डाग चंद्रकळेवरून कसे काढायचे, माझ्याशी बोलत नाहीयेत.

तुझी,
पोपटी नऊवारीतली काकू