नदीच्या गाण्याला स्पीकर कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या रस्त्याखालून वाहणाऱ्या नदीवर लोकांनी मिळून बसवलेल्या गाण्यांची बातमी तुम्ही छापलीत, आनंद झाला. पण बातमीत कार्यक्रम "दणक्यात" झाला असं लिहिलंय आणि माझी तक्रार नेमकी त्या दणक्याचीच आहे. मी त्या ग्रुपमधे आहे, गात नाही, मला सूर नाही, मी मायक्रोफोन सांभाळतो.

आधी सांगतो की आम्ही ऐकतो कसं, कारण बऱ्याच लोकांना वाटतं रस्त्यातल्या मॅनहोलचं झाकण उघडून आत माइक सोडतात. कृपा करून कुणी असलं काही करू नका. आत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी गॅस असू शकतो, सुरवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि प्रमाण वाढलं की नाक वास घेणंच बंद करतं, म्हणजे माणसाला वाटतं गेला वाटतं गॅस, आणि तीच वेळ खरी धोक्याची. आम्ही फक्त कॉन्टॅक्ट माइक वापरतो, नाण्याएवढी चकती असते, ती झाकणाच्या लोखंडाला चिकटवायची आणि हेडफोन लावायचा. हवेतला आवाज ती जवळजवळ घेतच नाही, लोखंडाचं थरथरणं घेते. पहाटे, ट्रॅफिक सुरू व्हायच्या आत.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खरं सांगू का, निराशा झाली. खळखळाट वगैरे काही नाही. एक जाड घुमारा, पाइपातून कुणीतरी तोंड मिटून गुणगुणतंय तसा, आणि त्यावर मधेच बारीक टिपटिप. ग्रुपमधल्या एका काकूंनी हेडफोन कानाला लावला, मिनिटभर गप्प बसल्या आणि त्या घुमाऱ्यातच आपला सा धरला, बस्स, तिथून गाणं सुरू झालं. नंतर वाचलं की पाण्याचा आवाज मुख्यतः पाण्याचा नसतोच, पाण्यात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा असतो, मिनार्ट नावाच्या शास्त्रज्ञानं १९३३ मधे त्याचं गणित मांडलं. बुडबुडा लहान तर सूर वरचा, मोठा तर खालचा, साधारण ६ मिलीमीटर व्यासाचा बुडबुडा सेकंदाला हजारएक वेळा थरथरतो. म्हणजे पाऊस पडून गेल्यावर नदीचा आवाज बदलतो हा काही आमच्या मनाचा खेळ नव्हता, मला एवढं बरं वाटलं ते वाचून!

ठेका मात्र नदीचा नाही, गाड्यांचा. झाकण थोडं सैल आहे, कार गेली की ठक-ठक, पुढचं चाक मागचं चाक, आणि बस गेली की ठक... ठक, मधे चांगला श्वास घेता येईल एवढी जागा. आमच्यातल्या शाळकरी पोरांनी बसचा ठेका निवडला, कारचा फार घाईचा होतो म्हणाली. चार आठवडे आम्ही त्या जागेत शब्द बसवत होतो.

आणि मग कार्यक्रमाच्या दिवशी काय, तर आयोजकांनी भाड्याची साउंड सिस्टिम आणली, दोन माणूसभर उंच स्पीकर, आणि "वातावरणनिर्मिती" म्हणून मागे नेटवरून डाउनलोड केलेला झऱ्याचा आवाज लावला, पक्ष्यांसकट. नदी पायाखाली वाहतीये आणि आम्ही कुठल्या भलत्याच झऱ्यावर गातोय. काकूंना सा सापडेना. मी मायक्रोफोन हातात घेऊन उभा, तो लावायला मिक्सरवर जागाच नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, नाही असं नाही, पण घरी जाताना एकानेही खाली वाकून झाकणाला कान लावला नाही आणि मला त्याचं जास्त वाईट वाटलं.

लंडनमधे फ्लीट नावाची नदी अशीच रस्त्याखाली गेली, अठराव्या शतकापासून टप्प्याटप्प्यानं झाकत नेली, आणि आज क्लार्कनवेल भागात रे स्ट्रीटवर एका जाळीपाशी उभं राहिलं की तिचा आवाज येतो. तिथे ना स्टेज ना स्पीकर, लोक नुसते येऊन वाकून ऐकतात. दक्षिण कोरियात सोलमधे चोंगेचोन नावाची अशीच झाकलेली नदी २००५ मधे उघडी केली, वरचा हायवे पाडून, साधारण ५.८ किलोमीटर, मोठंच काम आहे, पण त्यातलं बरंचसं पाणी पंपानं आणून सोडावं लागतं, म्हणजे वर आलेली प्रत्येक नदी जुनीच असते असं नाही. आमची वर येईल तेव्हा येईल, मला त्यावर वाद घालायचा नाही.

मागणी साधी आहे. पुढच्या वेळी साउंड सिस्टिम नको. वीसेक हेडफोन द्या, आलेल्या माणसाला आधी दोन मिनिटं झाकणाचा आवाज ऐकवा आणि मग गाऊ द्या, बिन माइकचं, जेवढ्यांना ऐकू येईल तेवढ्यांना. गर्दी कमी होईल हे मान्य. पॉलिन ऑलिव्हेरोस नावाच्या संगीतकार १९८८ मधे आपल्या साथीदारांबरोबर अमेरिकेतल्या एका रिकाम्या भूमिगत टाकीत उतरल्या होत्या, तिथे एक सूर सोडला की ४५ सेकंद घुमत राहायचा, त्यामुळे वाजवण्याइतकंच थांबून ऐकावं लागायचं. आम्हाला ४५ नकोत, बसच्या दोन चाकांमधली जागा पुरते.

आणि हो, बातमीसोबतचा फोटो चुकलाय. तो ज्या निळ्या भिंतीचा आहे तिथे नदी नाही, ते नुसतं रंगवलेलं चित्र आहे. नदी तिथून चाळीसेक पावलं पुढे, झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडच्या गोल झाकणाखाली आहे. छापायचाच असेल तर त्याचा फोटो मी पाठवतो.

आपला,
एक वाचक (मायक्रोफोनवाला)