इन्टेक पाइपला टेप गुंडाळण्याआधी हवा कुठून येते ते बघा

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या वाहनविषयक पुरवणीत इंजिनाच्या इन्टेक पाइपला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपला, उष्णतारोधक टेप गुंडाळण्याविषयी लेख आला होता. इंजिन दुरुस्ती शिकवणं हे माझं काम. माझ्याकडे शिकणारी मुलं ते कात्रण घेऊनच वर्कशॉपमध्ये आली आणि दोघांनी चकचकीत टेपची गुंडाळीही आणली होती. विषय महत्त्वाचा आहे, तो घेतलात हे चांगलंच केलंत. पण पिकअप वाढतो, अ‍ॅव्हरेज वाढतं आणि इंजिन थंड राहतं, असे तीन दावे लेखात एका दमात केले आहेत. पिकअपचा दावा काही वेळा आणि काही गाड्यांत खरा ठरतो. अ‍ॅव्हरेजच्या दाव्याला आधार नाही. इंजिन थंड ठेवण्याशी तर या टेपचा संबंधच नाही. ते काम रेडिएटर, पंखा आणि कूलंटचं.

हवा तापली की विरळ होते, हे खरं. समुद्रसपाटीला २५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.१८ किलो असतं, ६० अंशांना ते १.०६ किलोपर्यंत उतरतं. म्हणजे नेहमीच्या तापमानाला ढोबळमानाने दर तीन अंशांमागे एक टक्का हवा कमी. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते, तेव्हा हवा कमी भरली की पेट्रोलही तेवढंच कमी जाळता येतं. ताकद मात्र त्याच प्रमाणात पडत नाही, कारण गार हवाही सिलिंडरमध्ये शिरताना गरम भिंतींना लागून तापतेच. इंजिनाची ताकद मोजण्याच्या काही मानकांत हवा २५ अंशांची धरतात आणि पेट्रोल इंजिनासाठी साधारण तापमानाच्या गुणोत्तराचं वर्गमूळ घेतात. त्या हिशोबाने ६० अंशांच्या हवेवर घट पाच-सहा टक्क्यांच्या आसपास येते, आणि तीही अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना.

याहून मोठी गोष्ट नॉकिंगची. गरम हवेचं मिश्रण दाबलं गेलं की वेळेआधी आपोआप पेटायला बघतं. ते टाळण्यासाठी ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, स्पार्क थोडा उशिरा देतो. उन्हात उभी राहिलेली गाडी चालू केल्यावर पहिली काही मिनिटं ‘ओढत नाही’ असं चालक सांगतो, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. तक्रार खोटी नसते, आणि प्लग बदलून ती जातही नाही.

ही उष्णता मुरते कधी, ते नीट समजून घ्यायला हवं. गाडी रस्त्यावर धावत असते तेव्हा कूलंट ९० अंशांच्या आसपास असतो आणि बॉनेटखालून वारा वाहत असतो. चावी फिरवून इंजिन बंद केलं की पाण्याचा पंप थांबतो, वारा थांबतो, पंखाही लगेच किंवा थोड्या वेळाने थांबतो. पण एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं, म्हणजे सिलिंडरांतला जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांचं लोखंड काहीशे अंशांना तापलेलं असतं. ती उष्णता आता वर चढते आणि बॉनेटखाली कोंडते. म्हणून बंद केल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं इन्टेक पाइप, फिल्टरचा डबा आणि हवेचं तापमान मोजणारा सेन्सर हे चालत्या गाडीपेक्षा जास्त तापतात. ओबीडी सॉकेटला (गाडीतल्या तपासणीच्या जोडणीला) साधा स्कॅनर जोडून इन्टेक हवेचं तापमान बघा. धावत्या गाडीत ते बाहेरच्या हवेपेक्षा थोडंच जास्त असतं. तीच गाडी पाव तास उभी करून पुन्हा चावी फिरवली की आकडा साठीच्या पुढे गेलेला दिसतो, आणि मोकळ्या रस्त्याला लागल्यावर तो भराभर उतरतो.

का उतरतो, याचा हिशोब मी मुलांकडून फळ्यावर करून घेतो. १.२ लिटरचं इंजिन २००० आरपीएमवर पूर्ण श्वास घेत असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त २० लिटर हवा ओढतं. पाइपचा आतला व्यास ६५ मिलिमीटर आणि लांबी ६० सेंटीमीटर धरली तर पाइपमध्ये मावते जेमतेम दोन लिटर. म्हणजे हवा त्या पाइपमध्ये सेकंदाचा दहावा भागच थांबते. एवढ्या वेळात ती तापणार तरी किती? आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, मात्र हेच इंजिन सेकंदाला दोन-अडीच ग्रॅम, म्हणजे दोनेक लिटरच हवा घेतं. ती पाइपमध्ये पूर्ण सेकंदभर रेंगाळते, आणि तिचं तापमान २० अंशांनी वाढवायला पन्नास वॉट उष्णताही पुरते. तेव्हा टेपचा उपयोग खोळंबलेल्या, सरकत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत आणि थोड्या वेळाच्या थांब्यानंतर होतो. मोकळ्या रस्त्यावर तो जवळजवळ शून्य. ज्याची गाडी दिवसभर गर्दीत अडकते त्याच्यासाठी हा फायदा खरा आहे, आणि त्याने तो जरूर घ्यावा.

उष्णतारोधक आवरण उष्णता अडवून धरतं म्हणजे तिचा प्रवास मंद करतं, एवढंच. गाडी तासभर उभी राहिली तर गुंडाळलेला पाइपही आतून तापणार, आणि मग निवतानाही तो सावकाश निवणार. हा भाग लेखात आला नव्हता.

शिवाय कोणतं आवरण, हेही तितकंच महत्त्वाचं. बहुतेक गाड्यांत कंपनीचा पाइप प्लास्टिकचा किंवा रबराचा असतो. प्लास्टिकमधून उष्णता अ‍ॅल्युमिनियमच्या तुलनेत शेकडो पट कमी वाहते, पण पाइपची भिंत दोन-तीन मिलिमीटरच जाड असल्याने तेवढ्याने भागत नाही. बंद छिद्रांच्या फोमचा सेंटीमीटरभर थर त्याहून खूप जास्त अडवतो. नुसती चकचकीत टेप वेगळं काम करते. गरम भागाकडून येणारे उष्णतेचे किरण ती परत पाठवते. काळं रबर असे किरण नव्वद टक्क्यांहून अधिक शोषून घेतं, स्वच्छ अ‍ॅल्युमिनियम पाच टक्क्यांच्या आसपास. पण त्यासाठी चकचकीत बाजू गरम भागाकडे हवी आणि मध्ये हवेची फट हवी. टेप गरम भागाला टेकली की ती धातूचा तुकडा म्हणून उष्णता थेट आत नेते. धूळ आणि तेलाचा थर बसला की परावर्तनही संपतं.

इथे एक फसगत हमखास होते. टेप लावल्यावर मुलं इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक पाइपवर धरतात, आकडा एकदम तीस अंशांनी खाली दिसतो आणि सगळे खूश. ती बंदूक पृष्ठभागावरून निघणारे किरण मोजते. चकचकीत पृष्ठभाग मुळात किरण कमी सोडतो, म्हणून तो तापलेला असूनही थंड दिसतो. त्याच टेपवर काळ्या इन्सुलेशन टेपचा नखाएवढा तुकडा चिकटवा, दोन मिनिटं थांबा आणि आता बंदूक अगदी जवळ आणून त्या तुकड्यावर धरा. खरा आकडा समोर येतो. विकणारे दाखवतात त्या प्रात्यक्षिकात हा काळा तुकडा कधीच नसतो.

आता अ‍ॅव्हरेज. रोजच्या चालवण्यात थ्रॉटल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप, अर्धवटच उघडा असतो. तेव्हा इंजिनाला हवी तेवढीच ताकद आपण घेतो. हवा गार असेल तर थ्रॉटल थोडा कमी उघडावा लागतो आणि त्या अरुंद फटीतून हवा ओढण्यात इंजिनाची शक्ती उलट थोडी जास्त खर्च होते. कार्ब्युरेटरच्या काळात तर अनेक गाड्यांत एक्झॉस्ट मॅनिफोल्डपाशी तापलेली हवा मुद्दाम फिल्टरकडे नेणारी नळी असायची. थंडीत पेट्रोलची वाफ नीट व्हावी आणि कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू नये, म्हणून ती सोय. बाहेर उकाडा असला की आतली झडप ती वाट बंद करायची. ज्यांनी ही इंजिनं बनवली त्यांना गरम हवेचे तोटे आणि उपयोग दोन्ही माहीत होते.

माझा मुख्य मुद्दा मात्र पाइपच्या आधीचा आहे: पाइपमध्ये शिरणारी हवा येते कुठून? कंपनीने फिल्टरच्या डब्यापासून पुढच्या जाळीपर्यंत किंवा चाकाच्या कमानीपर्यंत एक प्लास्टिकचं नाक दिलेलं असतं. बॉनेटबाहेरची गार हवा आणणं हेच त्याचं काम. कुठेतरी पुढून गाडी ठोकली जाते, ते नाक तुटतं, आणि नवीन न बसवताच गाडी ग्राहकाला परत दिली जाते. माझ्याकडे आलेल्या कितीतरी गाड्यांत त्या जागी नुसतं भोक असतं आणि फिल्टर थेट रेडिएटरच्या मागची गरम हवा ओढत असतो. असाच प्रकार उघड्या शंकूच्या आकाराच्या फिल्टरचा. त्याचा आवाज दमदार येतो, पण बंदिस्त डबा नसेल तर तो बॉनेटखालची तापलेली हवाच पितो. अशा गाडीत पाइपला सोन्याचा मुलामा दिला तरी काय होणार? आत येणारी हवाच पन्नास अंशांची आहे.

तीच गत हीट शील्डची. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पातळ पत्र्याचं कवच असतं. त्याच्या बोल्टभोवतीचा पत्रा गंजून भोक मोठं होतं, कवच खडखडायला लागतं, आणि मेकॅनिक ते काढून कोपऱ्यात फेकतो. ग्राहकही आवाज गेला म्हणून समाधानी. माझ्या स्वतःच्या गाडीचं कवच एका वर्कशॉपमध्ये मला न विचारता काढलं गेलं होतं. सर्व्हिसनंतर बॉनेट उघडलं तेव्हा शेजारच्या वायरिंगची जाळी करपून कडक झालेली दिसली. हे मला मनापासून लागतं, कारण दुरुस्ती क्षुल्लक आहे: भोकापेक्षा मोठा, रुंद स्टीलचा वॉशर टाकून बोल्ट पुन्हा आवळायचा. उष्णता उगमापाशीच अडवणारा तो पत्रा कुठल्याही टेपपेक्षा जास्त काम करतो.

हे सगळं जागेवर असेल आणि तरीही आवरण लावायचं असेल तर जरूर लावा, पण काही पथ्यं पाळून. फिल्टरच्या डब्याच्या तळाला पाणी निघून जाण्याचं छिद्र असतं, ते बुजवू नका. धातूची टेप वीज वाहते, तेव्हा बॅटरीच्या टर्मिनलजवळ आणि उघड्या कनेक्टरजवळ ती नको. तेल झिरपणाऱ्या इंजिनावर कापडी आवरण नकोच, कारण तेलात भिजलेलं कापड गरम मॅनिफोल्डपाशी पेट घेऊ शकतं. हवा घेणारं नाक गार हवेच्या हौसेपायी फार खाली नेऊ नका, साचलेल्या पाण्यातून गाडी गेली तर इंजिन पाणी ओढेल आणि कनेक्टिंग रॉड वाकेल. टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) असेल तर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचा, म्हणजे ती दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीपर्यंतचा, पाइप गुंडाळू नका. दाबामुळे तिथली हवा शंभर अंशांच्या वर जाऊ शकते आणि वाटेत ती जितकी निवेल तितकं बरं. इंटरकूलरच्या पुढचा पाइप एक्झॉस्टजवळून जात असेल तर तो गुंडाळा.

लेखातल्या शेवटच्या चौकटीत मात्र, हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरीत एक रेझिस्टर (विजेला रोध करणारा छोटा भाग) जोडला की ‘ईसीयू थंड हवेचा मोड घेतो’ असं छापलं आहे. त्याचं काय होतं ते सांगतो. हवेचा सेन्सर तापला की त्याचा रोध कमी होतो. बऱ्याच सेन्सरांत २० अंशांना अडीच हजार ओहम असतो तो ८० अंशांना तीनशेच्या आसपास येतो. मध्ये जास्तीचा रोध घातला की ईसीयूला वाटतं, हवा गार आहे. मग तो स्पार्क लवकर देतो. प्रत्यक्षात हवा गरमच असते. नॉक सेन्सर आवाज ऐकून काही प्रमाणात सावरतो, पण सगळ्या गाड्यांत तो सेन्सर नसतो आणि असला तरी तो नॉकिंग सुरू झाल्यावरच जागा होतो. पूर्ण लोडवर असं नॉकिंग चालत राहिलं की पिस्टनचा माथा झिजतो आणि पिस्टनवरच्या रिंगांमधली पट्टी तुटते. अशा पट्टीचे तुकडे झालेला पिस्टन माझ्या टेबलावर मुलांना दाखवण्यासाठी ठेवला आहे. तो ज्या गाडीतून निघाला तिच्या मालकाने कुठेतरी वाचूनच रेझिस्टर लावला होता.

आपली पुरवणी वाचून लोक गाडीला हात घालतात. ती चौकट चुकीची असल्याचं पुढच्याच पुरवणीत ठळकपणे छापावं, आणि ज्यांनी रेझिस्टर आधीच लावला असेल त्यांना तो काढून सेन्सरची मूळ वायर पूर्ववत जोडायला सांगावं, ही विनंती.

आपला,
इंजिन दुरुस्ती शिकवणारा एक वाचक