थॅलेसेमिया उपचार नोंदवहीबाबत सूचना

गटातील सर्व पालक सभासदांना कळविण्यात येते की, थॅलेसेमिया (वारंवार रक्त चढवावे लागणारा आनुवंशिक रक्तविकार) असलेल्या प्रत्येक मुलाची उपचार नोंदवही अद्ययावत ठेवावी आणि रक्त चढविण्याच्या दिवशी ती न विसरता सोबत आणावी.

वहीत रक्त चढविल्याची तारीख, मुलाचे त्या दिवशीचे वजन, पिशवीचा क्रमांक, रक्त चढविण्यापूर्वीचे हिमोग्लोबिन आणि अंगावर पुरळ, थंडी वा ताप आला असल्यास तेही लिहावे. हे हिमोग्लोबिन साधारणपणे दर डेसिलिटरला ९ ते १०.५ ग्रॅमच्या दरम्यान राहावे असे मानले जाते. ते वारंवार खाली येत असेल, तर दोन वेळांमधील अंतर डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

लोहाची नोंद आपल्याकडून सर्वाधिक सुटते, आणि काळजी वाटते ती याचीच. रक्ताच्या एका पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते, ते बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाही, आणि साचलेले लोह यकृत, हृदय व ग्रंथींना इजा करीत असताना मूल मात्र वरवर ठणठणीत दिसते. म्हणून दर तीन महिन्यांनी फेरिटिन (शरीरात साचलेल्या लोहाचा अंदाज देणारी रक्ततपासणी) तपासावे, आणि लोह उतरविणाऱ्या गोळीचा चुकलेला दिवसही प्रामाणिकपणे लिहावा. त्यासाठी कोणी रागावणार नाही. डेफेरिप्रोन ही लोह उतरविणारी गोळी घेणाऱ्या मुलाला ताप आल्यास किंवा घसा दुखल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

सुरगाणा, पेठ, कळवणहून नाशिकला येणाऱ्या पालकांनी वहीच्या पानांची छायाचित्रे मोबाइलमध्येही ठेवावीत.