उभ्या गाडीत येणारा आवाज आणि बदललेले शॉकअप: पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

माझी गाडी 2012 सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. घेतल्यापासून तिची सर्व्हिसिंग तुमच्याच अधिकृत केंद्रात होत आली आहे. यंदाच्या पावसाळ्यानंतर तिच्यातून खडखड आवाज येऊ लागला, म्हणून गाडी मी तुमच्या उत्तर गोव्यातील केंद्रात दिली.

आवाज कधी येतो, ते मी गाडी ताब्यात घेणाऱ्या सर्व्हिस अॅडव्हायझरला नीट सांगितले होते. इंजिन सुरू करून गाडी न्यूट्रलमध्ये उभी ठेवली की सैल पत्रा थरथरावा तसा आवाज येतो. अॅक्सिलरेटर जरा दाबला की बंद होतो, सिग्नलला थांबलो की परत सुरू. शॉकअप (धक्के शोषणारे भाग), लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे रबरी बुश हे चाकांजवळचे सस्पेन्शनचे भाग गाडी हलल्याशिवाय वाजत नाहीत. म्हणजे या एका माहितीवरूनच शोध इंजिनाबरोबर थरथरणाऱ्या सायलेन्सरच्या बाजूने सुरू व्हायला हवा होता. जॉबकार्डवर मात्र 'सस्पेन्शनमध्ये आवाज' एवढेच लिहिले गेले. मला सोबत घेऊन गाडी चालवून पाहा म्हटले, तर तेही कोणी केले नाही. 'गाडी जुनी आहे, रस्ते खराब आहेत, शॉकअप गेले असणार,' हे उत्तर मिळाले. माझे जाणे-येणे म्हापसा-पणजी, पर्वरीवरून असते. उड्डाणपुलाच्या कामामुळे तिथे रस्त्याची काय दशा झाली, ते मीही पाहतो. पण रस्ता खराब आहे हे गाडीचे निदान होत नाही.

पुढचे दोन्ही शॉकअप आणि लिंक रॉड बदलून सुमारे 14 हजारांचे बिल हातात दिले. आवाज तसाच होता. जुन्या शॉकअपमधून तेल गळत होते का, याची एका शब्दाचीही नोंद नाही. काढलेले भाग मागितले तर ते भंगारात गेल्याचे सांगितले. शॉकअप उतरवल्यावर अलाइनमेंट (चाकांचे कोन) तपासावी लागते, ती बिलातही नाही आणि केलेलीही नाही. गाडी डावीकडे ओढत होती, ते काम मी बाहेरून करून घेतले.

शेवटी म्हापशाजवळच्या गिरी गावातल्या एका छोट्या गॅरेजात गेलो. तिथल्या मेस्ताने (मेकॅनिकने) आधी सगळे ऐकून घेतले. इंजिन थंड होऊ दिले, गाडी रॅम्पवर चढवली आणि रबरी हातोडीने पुढून मागे सायलेन्सरची नळी हलकेच ठोकत गेला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (इंजिनाचा धूर स्वच्छ करणारा भाग) जवळच्या हीट शील्डवर, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या पत्र्यावर, हातोडी पडताच नेमका तोच आवाज आला. बोल्टाभोवतीचा पत्रा गंजून भोक मोठे झाले होते. आमच्याकडची खारी हवा आणि चार महिने खालून उडणारा चिखल यांत हे होणारच, आणि गोव्यात गाड्या दुरुस्त करणाऱ्या केंद्राला ते पहिल्यांदा सुचायला हवे. त्याने रुंद वॉशर घातला, स्टेनलेस स्टीलची क्लिप आवळली, आवाज बंद. काहीजण असला पत्रा काढूनच टाकतात. त्याने तो मुद्दाम ठेवला, कारण कन्व्हर्टर कित्येकशे अंशांपर्यंत तापतो आणि त्या उष्णतेपासून गाडीचा तळ हाच पत्रा वाचवतो. हे सगळे काम एका शॉकअपच्या मजुरीपेक्षाही स्वस्तात झाले.

माझा राग पैशांपुरता नाही. जुनी गाडी आणली की गिऱ्हाइकाचे ऐकायचे नाही, महागडा भाग बदलून मोकळे व्हायचे, ही रीत मला मान्य नाही. तेव्हा शॉकअप, लिंक रॉड व त्यांच्या मजुरीची पूर्ण रक्कम आणि अलाइनमेंटचा खर्च मला परत करावा. ते भाग कोणत्या तपासणीच्या आधारे बदलले, हे लेखी कळवावे. आवाजाची तक्रार असल्यास ग्राहकाला सोबत घेऊन गाडी चालवून पाहण्याची आणि जुने भाग त्याला दाखवण्याची लेखी सूचना या केंद्राला द्यावी व तिची प्रत मला पाठवावी.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(11) नुसार ही सेवेतील त्रुटी आहे, असे माझे म्हणणे आहे. 15 दिवसांत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपला,
गाडीमालक, म्हापसा

सोबत: जॉबकार्ड व बिलाची प्रत, अलाइनमेंटची पावती, गंजलेल्या पत्र्याचे फोटो