खुराड्याचं गिनीघर करून देणाऱ्या मावशींना

आदरणीय मावशी,

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहितेय. जुन्या खुराड्यात गिनी फाउल, म्हणजे कोंबडीसारखे पाळीव पक्षी, ठेवायचा विचार कुणाच्या मनात असेल, तर त्यांनाही तुमचं सांगणं उपयोगी पडेल.

खुराडं भक्कम होतं, हे तुम्हीही कबूल केलंत. पण आत शिरण्याआधी दारात ओणव्या होऊन बराच वेळ नुसतं पाहत राहिलात आणि म्हणालात, "संध्याकाळी गिनी यात पाऊल टाकणार नाही." का, ते मग काम करता करता कळत गेलं.

कोंबडी तिन्हीसांजेला आपसूक अंधाऱ्या खुराड्यात शिरते. गिनी मूळची आफ्रिकेतल्या मोकळ्या रानातली, रात्री झाडावर बसणारी. आतलं दिसत नसेल तर ती बाहेरच फांदीवर नाहीतर छपरावर रात्र काढते आणि घुबडाला आयतीच सापडते. म्हणून तुम्ही पत्रा वर उचलायला लावलात. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये हातभर मोकळी जागा ठेवून तिला अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्ड करून जोडलेली भक्कम जाळी मारली. नेहमीची पातळ षटकोनी जाळी मुंगूस फाडतं, हे तुम्ही दोनदा बजावलंत. या एका बदलाने उजेड आला, वारा खेळू लागला, आणि उंचीही मिळाली. दचकली की गिनी सरळ वर झेप घेते. ठेंगण्या छपराखाली डोकं फुटायला वेळ लागत नाही. आतून पांढरा चुना मारायचं तुम्ही सुचवलंत तेव्हा मला ती हौस वाटली होती. आता दिवेलागणीला आत एक मंद दिवा लावला की भिंती उजळतात आणि सगळा थवा बिनतक्रार आत येतो.

दाराचंही तसंच. गिनी घोळक्याने चालतात. अरुंद दारात पुढची अडली की मागच्या बिथरून चहूकडे पांगतात. तुम्ही चौकटच काढायला लावलीत आणि दार दुप्पट रुंद केलंत.

पण खरे आभार त्या धुळीच्या कामाचे. पक्षी रात्री बसतात त्या जुन्या दांड्या धुऊन वापरू, असं माझं म्हणणं. तुम्ही पहारीने एक दांडी उचकटून तिच्या खाचेतले तांबडे, टाचणीच्या टोकाएवढे जीव दाखवलेत. दिवसा फटीत दडतात, रात्री झोपलेल्या पक्ष्याचं रक्त पितात, आणि खुराडं रिकामं असलं तरी महिनोन्‌महिने उपाशी तग धरतात. त्या दांड्या जाळल्या. जमिनीवर अंथरलेला जुना भुसा-घाण खरवडून काढली, जमीन घासली, सुकू दिली. नाकातोंडावर पदर बांधून तुम्ही माझ्याबरोबर खरवडत होतात, हे मी विसरणार नाही. सल्ला देणारे पुष्कळ भेटतात हो, खरवडणी हातात घेणारं कुणी नसतं.

नव्या दांड्या छातीच्या उंचीवर, सगळ्या एकाच पातळीत. वरच्या जागेवरून भांडणं नकोत, हा तुमचा हिशेब. अंड्यांचे कप्पे काढून टाकले, कारण गिनी आडोशाचं गवत शोधून तिथेच अंडी घालते. त्या जागी कोपऱ्यात थोडं सुकं गवत टाकलंय. घातली तर घातली. दर पक्ष्यामागे तीन चौरस फूट जमीन तुम्ही पावलांनी मोजलीत आणि माझ्या यादीतले काही पक्षी तिथल्या तिथे कमी केलेत. तेव्हा राग आला होता, खरं सांगते.

पक्षी आल्यावर सहा आठवडे कोंडून ठेवायचे, हे पाळणं सगळ्यांत जड गेलं. आवाज तर तुम्हाला ठाऊकच आहे. येणारा-जाणारा प्रत्येक जण "सोड की त्यांना" म्हणायचा. लवकर सोडल्या तर त्या हे घर आपलं मानणार नाहीत, उडतील त्या कायमच्या, एवढं तुमचं वाक्य धरून बसले. मग पहिल्यांदा थोड्याच सोडल्या, बाकीच्या आत. आतल्यांच्या हाकेला बाहेरच्या परत आल्या. मूठभर बाजरी आत टाकायची सवय तेव्हापासूनची. पाय धरून पकडायचं नाही, पाय नाजूक असतात, तेही आता घरात सगळ्यांना पाठ आहे.

तुम्ही मजुरी घेतली नाहीत, उरलेली जाळीसुद्धा नाही. तर आता ऐका. दोन तुकड्यांत ओरडते ती मादी, या तुमच्या खुणेने माद्या ओळखल्यात आणि त्यांतली एक कुंपणाकडेला अंड्यांवर बसली आहे. सव्वीस ते अठ्ठावीस दिवस धरले तर पिल्लं लवकरच निघतील. दवात भिजू नयेत म्हणून कोरडी, खरखरीत तळाची पेटी तयार ठेवलीय. गुळगुळीत कागदावर त्यांचे पाय फाकतात ना. त्यांतली हवी तेवढी तुमची. नाही म्हणू नका, आणि पेटी एकदा बघून जा.

तुमची,
शेजारची पोर